आक्काच्या गोष्टीला हुंकार

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गावातल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक आहे. इथल्या शाळेत सव्वीस वर्षं बाई म्हणून काढली. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही लिहायचं-वाचायचं काही निघालं की लोक माझ्याच दारात. हे कामही तसंच आलं. समतेच्या चळवळीत ज्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात कायमच्या जपायच्या, असा कायदा व्हायचा होता. मसुदा तयार झालेला, आणि समितीनं नमुन्यादाखल गावोगावच्या आठवणी मागवलेल्या. ग्रामपंचायतीनं तो कागद माझ्या हातात ठेवला आणि हात झटकले.

आमच्याकडे सांगणारं माणूस एकच उरलं होतं, ती आक्का. बहात्तरच्या दुष्काळात दलित वस्तीला गावविहिरीवर पाणी भरू देत नव्हते. तेव्हा पाच बाया घागरी घेऊन भरदिवसा तिथं गेल्या. आक्का त्यातली सगळ्यात धाकटी, नुकतंच लग्न होऊन आलेली. बाकी चौघी आता नाहीत. आणि विहिरीवर पाटी काय, तर ‘गावाने एकमताने ही विहीर सर्वांसाठी खुली केली’. ती पाटी दिसली की आक्काच्या अंगाचा तिळपापड होतो. तिचं सांगणं नोंदलं गेलं नाही, तर तिच्यामागं पाटीच खरी ठरणार होती.

मसुद्यात नियम होता: सांगणारा एकटा असावा, दुसऱ्या कुणाचा आवाज येऊ नये. मी नियमाची पक्की. शाळेतली एक खोली मागून घेतली, पंखा बंद केला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला आणि तोंडाला कुलूप लावून बसले. आक्का नवं लुगडं नेसून, पावडर लावून आली. फोटोबिटो नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली.

“आमी पाच जनी निघालो,” ती म्हणाली आणि थांबली. मी मान हलवली. तिनं मोबाईलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तेच वाक्य म्हटलं आणि पुन्हा गप्प. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर मी खेकसले, अहो, पुढं बोला की.

“बाई, हुंकार कोन देनार? भिताडाला सांगू व्हय?”

घ्या! आमच्याकडे गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक ‘हं’, ‘व्हय’ म्हणायचं असतं. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असं धरून सांगणारा गप्प होतो. लहानपणापासून मला हे माहीत, आणि एका सरकारी कागदापायी विसरून बसले. स्वतःचाच असा राग आला! नियम गेला चुलीत म्हटलं आणि मीच हुंकार द्यायला लागले. पण आक्काला तो पटेना. माझं ‘हं’ म्हणे वह्या तपासल्यासारखं येतं.

मग तिनं व्हरांड्यातल्या तात्यांना हाक मारली. ते घोडेगावच्या बाजाराला जायच्या टेम्पोची वाट बघत बसले होते. तात्या म्हणजे गावातल्या मोठ्या जमीनदार घरातले, आक्काहून दोन-तीन वर्षांनी लहान. दोघांची शेतं लागून. बांधावरून रोज भांडायचं आणि दुपारी त्याच बांधावर बसून गप्पा हाणायच्या, असा यांचा प्रकार. तात्या आले, टोपी मांडीवर ठेवून बसले, आणि आक्काची गाडी सुसाट सुटली. घागर लग्नातली होती. पोचा पडला तर घरात घेणार नाही, असा सासूनं दम भरला होता. गावापेक्षा तिला सासूचीच जास्त भीती. तात्या ‘व्हय, व्हय’ करत हसत होते आणि मी हसून हसून पदरानं डोळे पुसत होते.

“घागर पान्याला टेकली,” आक्का म्हणाली. “आन् ह्याच्या बापानं कोयत्यानं दोर तोडला.”

हुंकार आला नाही. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आक्का तात्यांकडे न बघता वाट बघत राहिली.

“व्हय,” तात्या म्हणाले.

मग दुसऱ्या दिवशी दोन दोर कसे नेले, आठ दिवस रोज कशा गेल्या, शेवटी पाणी कसं भरलं, सगळं झालं. टेम्पो कधीच निघून गेला होता. मी मनातल्या मनात समितीला पत्र लिहायला घेतलं होतं, की तुमच्या नियमानं दुसरा आवाज काढलात तर आमच्याकडची गोष्टच उरत नाही. ते पत्र पुढं मी खरंच पाठवलं, चांगलं खरमरीत. पण तेव्हा मी तात्यांना हळूच विचारलं, वडिलांचं तेवढं कापू का? घराण्याचा प्रश्न आहे.

“कापू नगा,” तात्या म्हणाले. टोपी त्यांनी मुठीत चुरगाळली होती. मोबाईल चालूच होता. “बापाच्या हातात कोयता म्याच दिला हुता. पळत जाऊन घरनं आनला हुता.”

हे आक्कालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका बांधावर बसून माहीत नव्हतं. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

“हं,” आक्का म्हणाली. “फुडं?”