हुगळी पार केलेलं मधूचं रॉकेट

मधूच्या रॉकेटची खरी किंमत: त्याच्या वडिलांची छत्री, माझ्या दोन्ही भुवया आणि माझी नोकरी.

मधू काल गेला. हिशेब सांगायला मी उरलोय.

आज सकाळी त्याच्या मुलाने, अभिजितने, पोस्ट टाकली. "बाबांनी विद्यार्थी असताना उडवलेल्या रॉकेटने हुगळी पार केली होती."

खाली जोडलेले हात, फुलं, "ग्रेट मॅन".

मीही हात जोडले. मग चष्मा पुसला आणि लिहायला बसलो. हयातभर ऐकून घेतलं. छापील नाही ऐकून घेणार.

रशियाने आकाशात उपग्रह सोडला ती दिवाळी. कलकत्त्यातल्या आम्हा मराठी पोरांची डोकी फिरली होती. मधू आणि मी दोघंही गार्डन रीचचे, दोघांचे वडील रेल्वेत. त्याचे केबिनमध्ये बसायचे, माझे केबिनबाहेर.

कालीपूजेसाठी हवाया, म्हणजे दारूचे बाण, बनवणारा एक म्हातारा बाजीवाला होता. त्याच्या हवाईची नळी हीच आमची मोटर. मी प्रत्येक नळी कानाशी धरून टिचकी मारायचो. आत तडा असेल तर आवाज फुटका येतो.

तो हसायचा. "एई छेले कान दिये बाजार कोरे." हा पोरगा कानाने बाजार करतो.

हे माझे कान. लक्षात ठेवा.

एका खासगी वर्कशॉपचे मराठी साहेब दिवाळीच्या फराळाला यायचे. त्यांनी जाहीर केलं, "ज्याचं रॉकेट सगळ्यात उंच जाईल आणि जो ते परत आणून दाखवेल, त्याला मी अप्रेंटिस घेतो."

मधूला ती जागा हवी होती. मला ती लागणार होती. फरक कळतो ना? माझ्या वडिलांची रिटायरमेंट तोंडावर आली होती आणि घरात खाणारी तोंडं बरीच होती.

मी साधी मोटर घेतली. मधूने बाजीवाल्याकडून खास जाड मोटर करून घेतली आणि ती आपल्या एवढ्याशा अॅल्युमिनियमच्या नळीत बसवली. नळीवर पंचने ठोकून इंग्रजीत स्वतःचं नाव. वडिलांच्या छत्रीचं कापड फाडून पॅराशूट.

"मधू, रॉकेट हलकं आहे, मोटर दांडगी आहे. वर गेल्यावर सापडायचं नाही."

"तू नारळापर्यंतच उडव. शहाळी काढायला कामाला येईल."

त्या मोटरची आधी चाचणी घेतली. पेटवायला अर्थातच मी. भुवया तेव्हा गेल्या.

स्पर्धेच्या दिवशी उन्हं उतरल्यावर सगळी मराठी कुटुंबं नदीकाठच्या मैदानात जमली. माझं रॉकेट नारळाच्या वर गेलं आणि डोलत खाली आलं. मी ते साहेबांच्या हातात दिलं.

"छान," साहेब म्हणाले. चकलीचा तुकडा मोडत.

मग मधूचं सुटलं. खोटं कशाला बोलू, असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. वारा नदीकडून होता. हलकं रॉकेट वाऱ्यात नाक खुपसतं, तसं ते नदीकडे झुकलं आणि दिसेनासं झालं. धुराची रेघ मात्र नदीवर लोंबत राहिली.

सगळे त्या रेघेकडे बघत होते. मी ऐकत होतो.

थोड्या वेळाने आवाज आला. टण्. मग घरंगळल्याचा.

"वाऱ्याने मागे आणलं. इथेच पत्र्यावर पडलं," मी म्हणालो.

मधू म्हणाला, "याला मांजराने उडी मारली तरी रॉकेट ऐकू येतं."

सगळे हसले. साहेब सगळ्यात जास्त.

"नदी पार गेलं काका," मधू साहेबांना म्हणाला. " पलीकडे बोटॅनिकल गार्डनमध्ये पडलं असणार. आणायला होडी करू?"

"राहू दे रे. हुगळी ओलांडली, आता परत काय आणायचं?"

नियम असा गेला. नोकरी त्याच्यामागून गेली.

मी जवळच्या तागाच्या गोदामाकडे पळालो. पत्र्याचं छप्पर तेवढं एकच होतं. दरवानाने काठी उगारली. "भागो यहाँ से."

मधू अप्रेंटिस झाला, पुढे मोठा इंजिनिअर. मी बडाबाजारात सुतळीची बंडलं वाहिली, मग विकली, मग स्वतःची बनवली. मग ते गोदाम विकायला निघालं.

मी घेतलं. व्यवहार म्हणून चांगलं होतंच. पण पहिलं काम काय केलं, तर छप्पर उतरवलं.

पन्हळीत कावळ्याच्या घरट्याखाली नळी होती. पोचे पडलेली. नाव शाबूत.

ती मी ऑफिसच्या टेबलावर ठेवली. पेनं ठेवायला.

आणि दर दिवाळीला मधूला चहाला बोलावलं. चार माणसं बसवून म्हणायचो, "मधू, ती हुगळीची गोष्ट सांग ना."

तो सांगायचा. दर वर्षी नदी रुंद व्हायची. एकदा त्यात एक बोटही आली, तिच्या कप्तानाने सलाम ठोकला.

मी मान डोलवायचो. नळी त्याच्या कपाशेजारी असायची.

एका दिवाळीत सही करायला त्याने पेन उपसलं. नळी फिरली. नाव त्याच्यासमोर आलं.

त्याने ते वाचलं. पेन परत ठेवलं. चहा संपवला.

"नदी पारच गेलं होतं रे," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "पुढच्या दिवाळीला ये."

आला. कप्तानासकट. फक्त खुर्ची टेबलापासून लांब ओढून बसला.

अभिजित, रागावू नकोस. नळी उद्या न्यू टाउनला तुझ्या घरी पाठवतो. बाबांच्या फोटोशेजारी ठेव, नाव पुढे करून.

मधू, तुला श्रद्धांजली. भावपूर्ण आहेच, फक्त भाव कुठला ते विचारू नकोस.

काल तुझी बातमी कळल्यावर मी त्या मैदानावर गेलो. तिथल्या टपरीवर मातीच्या कुल्हडात चहा घेतला आणि तो न पिता, तसाच हातात धरून, नदीकडे पाठ करून, काठी टेकत, गोदामापर्यंत चालत गेलो.

पोचलो तेव्हा चहा अजून गरम होता.