पाया नसलेला बुरूज

सोमवारी सकाळी शेडचं शटर वर केलं आणि आधी आवाज ऐकू आला. टिक. मग शांतता. मग पुन्हा टिक. पाल असेल असं वाटलं. दिवा लावला तर बुरूज जागेवर होता, छातीइतका उंच, वाळूच्या रंगाचा, पण त्याच्या पोटावर खालपासून वरपर्यंत केसासारख्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. मी जवळ जाऊन कान लावला. प्लास्टिक आतल्या आत तडकत होतं.

जून महिना होता. बिल वाचावं म्हणून शनिवार-रविवार मी एसी बंद ठेवतो. दुबईत अल क्वोजच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवस बंद एसी म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

हा बुरूज लहान मुलांच्या एका संग्रहालयासाठी होता. वाळवंटातल्या जुन्या गोल टेहळणी बुरुजाची प्रतिकृती, मुलं खेळतात त्या एकात एक बसणाऱ्या ठोकळ्यांची. अट एकच होती, गोंद लावायचा नाही, कारण प्रदर्शन संपल्यावर मुलांच्याच हातून तो सोडवायचा होता. गुरुवारी सकाळी अकरा वाजता संग्रहालयाच्या मॅडम ताब्यात घ्यायला येणार होत्या. तोपर्यंत उभा राहिला नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. तो दुसरा कोण ते मला ठाऊक होतं. तो माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून बसतो, आणि एके काळी तो माझा भागीदार होता. हे काम हातचं गेलं असतं तर शेड ठेवण्यात अर्थ नव्हता. बावन्नाव्या वर्षी पुन्हा कंपनीच्या बसने जबल अलीला जाऊन कुणाच्या तरी हाताखाली शटरिंग ठोकायचं, एवढंच उरलं असतं.

मी मूळचा शटरिंगवालाच. लांज्याहून आलो तेव्हा हातात हातोडी आणि कमरेला ओळंबा, एवढंच भांडवल. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा बांधायचा, त्यात बारा वर्षं काढली. एका इंजिनियर साहेबाच्या घरी मुलाचे ठोकळे पाहिले आणि त्याच्याच इमारतीचा हातभर नमुना करून दिला, तिथून हा धंदा सुरू झाला. बिल्डरांना स्वागतकक्षात मांडायला नमुने लागतात. देश सोडून जाणाऱ्या गोऱ्या लोकांच्या घरून मी पोत्याने ठोकळे उचलतो, किलोला साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये. सांगतात शंभर, देतात साठला. ज्याचं विमान चार दिवसांनी आहे त्याच्याशी भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

ठोकळ्यांवरच्या गोल उंचवट्यांना आम्ही गुंड्या म्हणतो. खोक्यावरच्या चित्रात गुंडीवर ठोकळा बसतो आणि भिंत सरळ वर जाते. पण सरळ भिंतीचे पैसे कोण देतो? ठोकळा आडवा लावायचा, अर्ध्या गुंडीने सरकवायचा, उलटा टांगायचा, यातच खरी कारागिरी. माझी खास पद्धत पाचरीची. दोन गुंड्यांमधल्या फटीत पातळ पट्टी उभी खुपसली की ती घट्ट बसते आणि भिंतीला कोन देता येतो. खोक्यातल्या पुस्तिकेत असं कुठेही सांगितलेलं नाही. सुताराला सांगावं लागत नाही. आमचं सगळं काम पाचरीवर चालतं. ढिलं दिसलं की पाचर मार.

बुरूज मी तसाच उभा केला होता. खाली गुंड्यांची रुंद तबकडी, तिच्यावर पहिला थर पक्का ठोकलेला, आणि गोलाई आणायला जागोजाग पाचरी. सहा आठवडे लागले होते. आता त्या प्रत्येक पाचरीतून रेघ फुटत होती.

मी बायकोला फोन केला. आम्ही शारजात अल नहदाला राहतो. पोत्यातले ठोकळे जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये धुणं, रंगवार वेगळे करणं हे तिचं काम. ती टॅक्सी करून आली, बुरुजाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अहो, त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"कोणी?"

"तुम्हाला माहितीये कोणी."

मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर त्या माझ्या भागीदाराने माझा हात धरला होता. म्हणाला, "दादा, पाचर नको. हे लाकूड नाही, प्लास्टिक आहे. दिलेला ताण हे विसरत नाही." मी भडकलो. गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "तू मला शिकवणार? हातोडी कुठून धरायची ते तुला मी दाखवलं. माझ्या खोलीत राहिलास, माझ्या ताटात जेवलास." त्याने हातातला ठोकळा टेबलावर ठेवला आणि निघून गेला. महिन्याभरात दोन गल्ल्या पलीकडे त्याच्या दुकानाचा बोर्ड लागला. जाताना तो गोल भिंत घेऊन गेला, हे माझं दुखणं. गोल भिंत त्याला जमायची, पाचरीशिवाय, रबरासारखी वळणारी. मी त्याला ती करताना दहा वेळा पाहिलं होतं. तो गेल्यावर मी करायला बसलो की भिंत एक तर सरळ राहायची नाहीतर उसवायची. गिऱ्हाइकांना मात्र मी सांगत आलो की गोल भिंत आमच्या वर्कशॉपची. का सांगू नये? शिकला माझ्याकडे, ठोकळे माझे, शेड माझी.

सोमवारचा दिवस आणि मंगळवारची दुपार मी पाचरी बदलण्यात घालवली. एक तडकलेली काढली की शेजारची दोन सुटायची. मंगळवारी तीन वाजता बुरुजाची एक बाजू वरच्या काठापासून निम्म्यापर्यंत खाली आली. माझ्या हाताखालची दोन माणसं मागे सरली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी एकाला शिवी दिली, दुसऱ्याला कारण नसताना चहा आणायला पाठवलं. मुलीचा फोन आला, तिला आईने सांगितलं होतं. म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट टॉइज. व्हाय आर यू शाउटिंग?" मी फोन ठेवला आणि जमिनीवर बसलो. ठोकळे मांडीखाली टोचत होते. उठायची इच्छा होत नव्हती.

मग उठलो आणि दोन गल्ल्या चालत गेलो.

तो दुकानात एका होडीचा नमुना करत होता. दारात मला पाहून उभा राहिला नाही, पण स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"या दादा. वाट चुकलात?"

"बुरूज फुटला," मी म्हणालो.

"पाचरी?"

त्याने होडीचा पुढचा ठोकळा लावला.

मी भाव सुरू केला. दुसरं मला येत नाही. "बघ, निम्मं काम तुझं. मॅडमकडून जे मिळेल त्यातलं निम्मं." त्याने मान हलवली. "माझ्याकडे वाळूच्या रंगाचे दोन पोती लांब ठोकळे आहेत, आख्ख्या दुबईत मिळणार नाहीत. घेऊन जा." पुन्हा मान. "मग तुला हवंय काय?"

"गुरुवारी मॅडमसमोर सांगायचं, गोल भिंत कोणाची."

मला घाम फुटला, आणि दुकानात एसी चालू होता. मी म्हणालो, "फोनवर सांगतो तिला. आत्ता, तुझ्यासमोर."

"नाही."

"बरं, समोरच सांगतो. पण ती एकटी असताना. माझ्या माणसांसमोर नाही."

तो हसला. "दादा, तुम्हीच शिकवलंत ना? एक भाव सांगायचा आणि हातातलं काम करत राहायचं. समोरचा आपोआप येतो." आणि खरंच होडीकडे वळला.

मी दारापर्यंत गेलो. ही माझी जुनी चाल. गिऱ्हाईक उठलं की दुकानदार हाक मारतोच. त्याने हाक मारली नाही. उंबऱ्यावर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाहेरची झळ तोंडावर येत होती आणि आतला गारवा पाठीला लागत होता. शेवटी मागे न वळता म्हणालो, "ठीक आहे. सांगतो."

"मग सगळा उतरवा," तो म्हणाला. "मी सकाळी सातला येतो."

सहा आठवड्यांचं काम आम्ही त्याच संध्याकाळी दोन तासांत उतरवलं. बायको तडकलेले तुकडे वेगळे काढत होती, ते बादलीभर निघाले.

बुधवारी सातला तो आला. प्लास्टिकची बादली उलटी घालून बसला आणि म्हणाला, "मी हात लावणार नाही. तुम्ही करा." माझ्या कोपऱ्यात तीन पोती एका गुंडीच्या गोल ठोकळ्यांची पडून होती. लॉटबरोबर आलेली ती मी चिल्लर म्हणून बाजूला टाकली होती. त्याने तीच ओढायला लावली. "एक लांब, एक गोल. एक लांब, एक गोल. वरच्या थरात सांधा सरकवून पुन्हा तेच. गोल ठोकळा म्हणजे बिजागरी."

"हे मी पाहिलंय," मी म्हणालो. "करून झालंय. वळत नाही."

"पहिला थर कशावर लावलात?"

"तबकडीवर. आणखी कशावर लावणार?"

"कशावरच नाही."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने टेबलाकडे बोट केलं. "नुसता टेबलावर ठेवा. खाली काही नाही. तबकडीच्या गुंड्या चौकटीत असतात दादा. पहिला थर तिथे ठोकलात की भिंत सरळच राहणार. मग तुम्ही पाचरी मारणार."

बारा वर्षं मी पाये पाहिलेत. पाया धरल्याशिवाय भिंत उभी करणं म्हणजे आमच्या धंद्यात मूर्खपणा नव्हे, गुन्हा. एवढी साधी गोष्ट मी दहा वेळा त्याच्या हातून होताना पाहिली होती आणि दिसली नव्हती, कारण मी खाली बघतच नव्हतो. खाली पाया असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

पाच थरांची सरळ पट्टी टेबलावर तयार झाली, अडीच मीटर लांब. तिची दोन्ही टोकं धरून मी हळूहळू आत आणली. वळली. प्रत्येक सांध्याने थोडं थोडं सोसलं. पण टोकं जुळेनात, ठोकळ्याएवढी फट राहिली. दुपारचा एक वाजला होता. मी दातओठ खाऊन दाबलं, तर पलीकडची बाजू उसवून टेबलावर सांडली. पुन्हा जोडली. पुन्हा फट. तिसऱ्या वेळी माझा हात सवयीने पाचरीच्या डब्याकडे गेला.

"दादा," तो बादलीवरूनच म्हणाला, "सोडा."

"सोडू कसं? उघडेल ना."

"सोडा तर. टोकं दाबू नका. दोन्ही हात भिंतीच्या एका बाजूला न्या आणि समोरच्या बाजूने वहिनींना आत ढकलू द्या. नुसतं."

मी टोकं सोडली. बायको पलीकडून तळव्याने ढकलत होती, मी अलीकडून. टोकं सरकत एकमेकांजवळ आली आणि शेवटचा लांब ठोकळा अंगठ्याने बसला. कडं गोल होतं. टेबलावर हलकं सरकत होतं, कशालाच न चिकटता. त्यावर थर चढवायला लागल्यावर वजनाने ते आपसूक थबकलं. आतून जिभेसारख्या चार पट्ट्या तेवढ्या टेकवल्या, सरकू नये म्हणून. माझी माणसं, बायको आणि मी, आम्ही तो दिवस आणि गुरुवारची सकाळ धरून बुरूज वर नेला. तो बादलीवर बसून बघत होता. एकदाही त्याने ठोकळा हातात घेतला नाही. त्याबद्दल त्याचे आभार मानावेत की त्याच्या अंगावर धावून जावं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

गुरुवारी साडेदहाला शेवटचा थर बसला. अकराला मॅडम आल्या, बरोबर त्यांचे दोघेजण. बुरुजाभोवती फिरल्या, तळहाताने भिंत हलकेच दाबून पाहिली. भिंत थोडी आत गेली आणि परत आली. त्यांना हसू आलं.

"हाउ डिड यू मेक इट राउंड?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तो दाराशी उभा होता, हातात मोटारीची किल्ली. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की कानशिलं तापली. सहा वर्षं जे वाक्य तोंडपाठ होतं, आमच्या वर्कशॉपची पद्धत आहे, ते जिभेवर आलंही होतं. बायकोने बादलीभर तडकलेले तुकडे टेबलाखाली ठेवले होते. माझा पाय त्या बादलीला लागला.

"मॅडम, गोल दीवार इसकी है," मी म्हणालो, भांडावं तशा आवाजात. "मेरी नहीं. मैंने तो पहले तोड़ दी थी."

मॅडमनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्याशी बोलत दारापर्यंत गेल्या. पुढच्या वर्षी त्यांना होडी करायची आहे, एवढं माझ्या कानावर आलं. त्यांनी त्याचं कार्ड घेतलं. माझं त्यांच्याकडे होतंच.

त्याला हातोडी धरायला कोणी शिकवलं, हे कुणी विचारलं नाही. सांगायला मी तयार होतो.

मॅडमची गाडी गेली तेव्हा बायको हळूच म्हणाली, "बोललात ना? मग आता नाकाचा शेंडा का लाल?" मी बुरुजावर कान टेकवला. आतून काहीच आवाज येत नव्हता.

तो अजून दाराशीच होता. म्हणाला, "दादा, कोपऱ्यावर चहा घेऊ. मी पाजतो."

"काम आहे," मी म्हणालो.

काम काहीच नव्हतं.