सोलापूरच्या टाकीतला समुद्र

संशोधनात रीडिंग जमवायची असतात. आमच्या लॅबमध्ये किस्सेच जास्त जमले. सहा वर्षांत रीडिंगच्या वह्या भरल्या दोन, पण किस्से सांगायला बसलो की चहा दोनदा करावा लागतो.

मी सोलापुरात सिव्हिलचा मास्तर. पीएचडीचा विषय असा, की समुद्रात तरंगत्या पायावर इमारत उभी केली तर भूकंपाचं नुकसान कमी होतं का? माझे विद्यार्थी डॉक्टरेट घेऊन भेटायला येतात आणि मी आपला अजून नुसता सर. यंदा व्हायवात गचकलो असतो तर मुदतच संपत होती.

सांगोल्याला एका लग्नात बायकोच्या चुलत्यांनी गाठलं. "जावईबापू, सोलापुरात समुद्र कुटं हाय?"

"टाकीत."

"आन भूकंप?"

"मोटरवर."

"आन इमारत?"

"प्लायवूडची."

त्यांनी शांतपणे पानाला चुना लावला. "पदवी तरी खरी मिळनार हाय न्हवं?"

तर ती मोटर. बजेट नव्हतं, म्हणून भंगारातल्या पॉवरलूमची मोटर आणून तिच्यावर लोखंडी टेबल हलवायचं आणि टेबलावर पाण्याची टाकी. गाइड मॅडम पहिल्यांदा बघायला आल्या. खटॅक खटॅक, एका लयीत माझा भूकंप चालू. पाच मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, "थांबा जरा, चादर कुठल्या बाजूनं बाहेर येते तेवढं बघू द्या."

मग समुद्र खारा हवा म्हणून मी टाकीत पोतंभर मीठ ओतलं आणि कुणाला सांगायचं विसरलो. आमचे लॅब अटेंडंट शिवप्पामामा वळसंगचे, जीव लावणारा माणूस. मे महिन्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. एका सकाळी बघतो तर टाकी अर्धी.

"मामा, पाणी कुठं गेलं?"

"साहेबांच्या कूलरला घातलं की. लई उकडत हुतं त्यांना."

आठवड्याभरात विभागप्रमुखांचा कूलर पांढराफटक. "हा काय प्रकार आहे?" त्यांनी मला बोलावून विचारलं.

मी म्हटलं, "सागरी हवामान, सर."

कोकणात परिषदेला गेलो, तरंगत्या इमारतीवर पेपर वाचला, टाळ्या मिळाल्या. संध्याकाळी बोटीची फेरी होती. किनारा सुटायच्या आत मी ओकलो. शेजारच्या प्राध्यापकांनी पिशवी पुढे केली आणि फार काळजीनं विचारलं, "त्या इमारतीत तुम्ही राहणार नाही ना?"

शेवटी व्हायवाचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक, गाइड मॅडम, सगळे टाकीभोवती. पाण्यावर तराफा, तराफ्यावर घर. मी मामांना खूण करणार, तेवढ्यात खिडक्यांची तावदानं वाजली आणि पायाखालची फरशी हलली. मोटर बंद होती. हा खरा होता.

कसं सांगू, पण सांगतो. सगळ्यांत आधी मी पळालो. परीक्षकांना धक्का देऊन पळालो. पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा एका पायात बूट नव्हता.

धक्का हलकाच होता. पाच मिनिटांनी सगळे आत आलो. शिवप्पामामा टाकीत उभे होते, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही हातांनी तराफा धरलेला.

परीक्षक म्हणाले, "अहो, तुम्ही बाहेर का नाही आलात?"

"सर सा वर्सं सांगत्यात की, पान्यावर धक्का कमी बसतो. म्हनून हितं उतरलो."

परीक्षकांनी माझ्या मोज्याकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि वही उघडली. "पहिला प्रश्न. या संशोधनावर तुमचा स्वतःचा विश्वास आहे का?"

मी बूट नसलेला पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

"हाय की," टाकीतून मामा म्हणाले.