नूडल कशानं गेला

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याइतका दुसऱ्याच्या चुका शोधण्यात रमणारा माणूस अख्ख्या नोव्हायमध्ये नाही. आणि हे अमेरिकेतलं गाव इंजिनियरांनी ठासून भरलंय, म्हणजे स्पर्धा काही कमी नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत हा क्वालिटी बघतो. भाग बिघडला की पाच वेळा 'का?' विचारायचं, पाचव्या उत्तरात खरं कारण सापडतं, ही तिथली पद्धत. ती ऑफिसातच ठेवून घरी यावं की नाही? छे! एकदा पोळ्या वातड झाल्या. का? कणीक घट्ट. का? पाणी कमी. असं करत करत पाचव्या 'का'ला सासूबाईंनी मुलीला नीट शिकवलं नाही हे सिद्ध झालं. "आता तो रिपोर्टच खा," म्हणून मैत्रिणीनं ताट उचललं.

लेक कॉलेजला गेली आणि तिचा पाळीव अजगर, नाव नूडल, याच्या पदरात पडला. "घरात जनावर चालणार नाही," म्हणणारा हा गृहस्थ महिन्याभरात त्याच्या काचेच्या पेटीचं तापमान दिवसातून चारदा बघायला लागला. फ्रीजरमधला उंदीर गरम पाण्यात ठेवून चिमट्यानं भरवायचा. पोटच्या पोरीला यानं कधी एक घास भरवल्याचं ऐकिवात नाही.

त्यांच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नूडल मेलेला सापडला. सापाच्या सुतकाला काय न्यायचं असतं कोण जाणे, मी आपला पिठलं-भात नेला. साहेबांनी डायनिंग टेबलावर हा मोठा कागद पसरलेला. उंदीर आतून गार राहिला? पेटीतला भुसा बाधला? छातीत कफ? अंगावर किडे? कुकरच्या शिट्ट्यांनी घाबरला? प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साप दुखणं शेवटपर्यंत लपवतात, पोस्टमॉर्टेमशिवाय नक्की सांगता येणार नाही. "त्याला कापायचं नाही," एवढंच हा म्हणाला.

मग माझ्यासमोरच सुरू झालं. मेला का? बहुतेक गारठून. का? काल तीन तास गारठलेल्या गॅरेजमध्ये होता. गॅरेजमध्ये का? त्यानं पेन उचललं आणि मी डब्याचं झाकण उगाचच घट्ट करत बसले. कारण काल दारात उभी राहून, "ते धूड घरात असेल तर मी पाऊल टाकायची नाही," असा तोरा मीच मिरवला होता. त्यानं पेटी मुकाट्यानं बाहेर नेली. मध्ये एकदा आणायला उठला, तर "राहू द्या हो, मी गेल्यावर आणा," हेही मीच म्हणाले. आणि मग वाण लुटत निवांत बसले.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. रडून डोळे सुजलेले. "बाबा, व्हाय? ही वॉज फाइन!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आता माझं नाव निघणार!

"माझ्यामुळे गं, राणी. मीच थंडीत ठेवलं त्याला. चुकलो मी."

फोन ठेवून त्यानं कागदाची घडी केली, माझा डबा उघडला आणि म्हणाला, "वहिनी, बसा. जेवूनच जा."

मी बसले आणि जेवले. दोन वर्षं झाली. त्यानं तो विषय कधी काढला नाही, आणि "चूक माझी होती" एवढं म्हणायला मला अजून जमलेलं नाही.