चिंचेनं घासलेला पोपट

एका जुन्या पोपटाला मी चिंच आणि राख लावून घासलं होतं. चिनी मातीच्या बशीवरचा होता, म्हणून चावला नाही, एवढंच.

आता नात मोबाइलवर बशांचे फोटो दाखवून मला खरं-खोटं विचारते. विचारणारीलाही कळत नाही, कोणाला विचारतेय ते.

भंडाऱ्यात आमचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. वेड मात्र मला हातानं रंगवलेल्या चिनी मातीचं. मीन्याचा रंग बोटाला किंचित उंच लागतो, तो चाचपत बसायचे. एकदा नागपुरात छापील चित्राची बशी हातची म्हणून कोणी गळ्यात मारली. तेव्हापासून प्रत्येक बशीकडे मी पोलिसासारखी पाहायचे. देणाऱ्याकडे तर जास्तच.

पोपटाची बशी माझ्या मोठ्या जावेची. तिचे आजोबा नाकाडोंगरीकडे खाणीच्या साहेबाचे खानसामे. साहेब विलायतेला परत जाताना ती देऊन गेला. माहेरचा पाणी भरायचा पितळी गुंड देऊन मी ती घेतली. जाऊ लगेच हो म्हणाली, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. कढीपत्त्याची काडी द्यायलाही दहा प्रश्न विचारणारी ही बाई साहेबाची बशी इतक्या सहज कशी देते? पोपट इतका हिरवा कसा? पंखांवरचं सोनं इतकं ताजं कसं? गेला माझा गुंड.

दुकानात पितळेचा मुलामा ओळखायची रीत सोपी: चिंच-राखेनं घासा, खोटं असेल तर खालचं लोखंड दिसतं. मी शहाणी, तीच रीत बशीला लावली. सोनं गेलं, मग पंख गेले. मला केवढा आनंद! चोरी सापडली म्हणून ऑटो करून थेट जावेच्या दारात.

“ताई, तुमचा पोपट रंग सोडून राहिला.”

तिनं बशी उजेडात धरून अंगठा फिरवला. “कायनं घासलं?”

“चिंचेनं. असली असता त रंग गेला नसता.”

“असलीचाच जाते, बाई. तो बशी भाजल्यावर वरून भरला राह्यते. आजी आमाले बोट लावू देत नव्हती.”

“मंग मले इतक्या लवकर देली काहून?”

“तू आली का त्या पोपटाकडेच पाहत बसत होती, म्हणून.”

ती आत गेली आणि पदराखाली काहीतरी धरून आली. माझ्यापासून चांगली लांब थांबली.

“जोडीची दुसरी हाय माह्यापाशी. दिवाळीले तुलेच देणार होती. आता दुरूनच पाह्य.”