भिंती नसलेला हॉल

आयटीवाल्यांमुळे वारज्यात जमिनीचे भाव चढले, तेव्हाची गोष्ट. मी आणि धाकटी जाऊ भागीदारीत प्लॉट घेणार होतो. पैसे दोघींचे, कागद तिच्या एकटीच्या नावावर. प्लॉट बघायला गेले, तर शेजारच्या मोकळ्या जागेत एक गृहस्थ चपला काढून उभे.

"वहिनी, चपला बाहेर. हॉल आहे हा."

आणि मी काढल्या हो!

"घराचं कर्ज माझ्या पगारावर, कागद सख्ख्या भावाच्या नावावर," ते हसून म्हणाले. "त्यानं परस्पर विकलं. आम्ही राहतो अजून." मग गवताकडे वळून, "अगं, चहा टाक."

खरं सांगते, आल्याचा वास आला.

घरी येऊन म्हटलं, आधी दोघींची नावं, मग पैसे.

"घरच्या घरात अविश्वास?" जाऊ फणकारली.

"अगं, मला गवतात संसार नाही मांडायचा."