भाकरीच्या डब्यातले फोन

शेंगा फोडायला बसलं की दाणे मूठभर निघतात आणि टरफलांचा ढीग होतो. आमच्या तिघींच्या गप्पांचंही तसंच आहे!

रोज पाच वाजता आम्ही बिल्डिंगच्या पायऱ्यांवर बसतो. एक महादेवीअक्का. माहेर अक्कलकोटकडचं, राग आला की कानडीत बोलतात. दुसऱ्या लक्ष्मीवहिनी. घरी तेलुगू, मालकांचं म्हणजे त्यांच्या मिस्टरांचं सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागावर गेलेलं. तिसरी मी. मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. मुलगा निखिल बंगळूरला असतो. दर रविवारी सहा वाजता फोन करतो. म्हणजे, करायचा.

*

सुरुवात एका मेसेजने झाली. घरातल्या वायफायची, मोबाईलची, मायक्रोवेव्हची किरणं अंगात शिरतात, झोप जाते, डोकं दुखतं, असं बरंच लांबलचक होतं. अक्कांनी मोबाईल नाकाला लावून मोठ्याने वाचलं, "मोबाईल चेहऱ्यापासून लांब धरावा."

"अहो अक्का, लांब धरा की मग!" मी म्हटलं.

"लांब धरलं तर दिसतंय कुटं?"

पूर्ण वाचून झाल्यावर अक्का उठल्या आणि घरातून कडक भाकरीचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकण इतकं घट्ट की उघडायला दोन हात लागतात. "ह्यातली भाकरी पावसाळ्यातबी मऊ पडत न्हाय. वारं जात न्हाय आत. किरणं काय जात्यात!"

तेव्हापासून पाच ते सात तिघींचे फोन डब्यात. मला ते फार सोयीचं झालं. रविवारी अक्का विचारायच्या, "निखिलचा फोन आलता का गं?" मी म्हणायची, "अहो, डब्यात असतो ना. लागत नसेल त्याला."

मग मिस्ड कॉलही का दिसत नाही, हे कोणी विचारलं नाही.

*

लक्ष्मीवहिनींच्या नातवाने घरात वायफाय बसवलं. त्याचा हिरवा दिवा रात्रभर लुकलुकायचा. वहिनींना वाटलं, तो आपल्याकडेच बघतोय. त्यांनी कपाटातली नवी कोरी डबल चादर काढली आणि त्या डबीला गुंडाळली. आपली सोलापुरी, जाडजूड!

सकाळी डबी तापून तव्यासारखी झालेली. आणि नेट मात्र नेहमीसारखंच चालू!

मालक ओरडले, "अगं, चादर थंडीसाठी असते! किरणं अडत नाहीत त्याने!"

वहिनी शांतपणे घडी घालत म्हणाल्या, "मग चाळीस वर्षं काय विणलं तुम्ही?"

*

माझ्याकडे निखिलने मायक्रोवेव्ह पाठवला. "आई, एकटीसाठी गॅस कशाला पेटवतेस? दीड मिनिटात गरम होतं." पहिल्या दिवशी मी वाटीभर आमटी आत ठेवली, बटण दाबलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. दार ओढून घेतलं.

खालून अक्का ओरडल्या, "काय झालं गं?"

"आमटी गरम होतेय!"

"मग तू का भाईर?"

दुसऱ्या दिवशी त्याची पिन काढली. पण वस्तू चांगली आहे. दार घट्ट बसतं, मुंग्या जात नाहीत. मी त्यात शेंगाचटणी आणि भाकऱ्या ठेवते. मध्यंतरी निखिलने विचारलं, "वापरतेस ना?" मी म्हटलं, "रोज!" त्याला बरं वाटलं. लगेच म्हणाला, "बरं, ठेवतो."

*

वहिनींचं डोकं महिनाभर दुखत होतं. किरणंच, दुसरं काय! आम्ही दोघी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. अक्कांनी वायफायपासून समोरच्या टॉवरपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, घरातल्या एवढ्याशा किरणांनी डोकं दुखतं असं काही सिद्ध झालेलं नाही, पण झोपताना फोन उशाशी ठेवू नका, झोप चांगली लागेल. मग वहिनींकडे बघून म्हणाले, "हा चष्मा कधी केला?"

"माझा नाही, मालकांचा आहे."

"तुमचा कुठंय?"

"मालकांच्या डोळ्यावर. ह्याची दांडी मला बरी बसते!"

परत येताना रिक्षात अक्का एवढ्या हसल्या की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मीही हसले. घरी कुलूप उघडताना वाटलं, हे कोणाला तरी सांगायला हवं. रविवार अजून चार दिवस लांब होता.

*

तो रविवार आला. सहा वाजले असतील. आम्ही शेंगा फोडत होतो, आणि डबा वाजला!

स्टीलचा डबा, पायरी फरशीची. असा थरथरत वाजला की वहिनींच्या हातातलं सूप उलटलं. मी दाणे टाकून धावले. झाकण निघेना. दोन्ही हातांनी ओढलं, नख मोडलं, तेव्हा कुठे उघडलं.

फोन अक्कांचा होता. अकलूजहून त्यांची लेक. चटणीत लसूण किती घालायचा, विचारत होती.

"नंतर करते गं," म्हणून अक्कांनी फोन ठेवला. माझा फोन डब्यात तसाच काळा पडून होता. मी त्याच्याकडे बघत होते. टरफलं वाऱ्याने पायरीवरून खाली जात होती.

मग अक्का झाकण हातात फिरवत म्हणाल्या, "नीट बसलं न्हवतं की गं हे. म्हणून वाजला."

"हो, सैलच होतं," वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या, जिना चढून वर गेल्या आणि धापा टाकत खाली आल्या. हातात तीच डबल चादर.

अक्कांनी फोन परत आत ठेवले आणि झाकणावर बुक्की मारली. वहिनींनी डबा चादरीत गुंडाळला, चारी टोकं वर घेऊन गाठ मारली.

"आता बघू कसा लागतो कुणाचा फोन!" अक्का म्हणाल्या.

गाठ जरा ढिली वाटली. मी ती सोडून पुन्हा घट्ट बांधली.